आधी अंदाज, मग आकडेमोड

संख्याशास्त्राची पहिली खरी ओळख आज बऱ्याच जणांना पडद्यावर होते. बी.एस्सी.चा विद्यार्थी क्रेडिट हवे म्हणून अभ्यासक्रम निवडतो. मानसशास्त्रात एम.ए. करणारीला प्रबंधासाठी टी-टेस्ट लागते. परिचारिका, कृषी पदवीधर, बँकेतला कर्मचारी, डेटा सायन्सकडे वळू पाहणारा इंजिनिअर असे सगळे एकाच अभ्यासक्रमाला नाव नोंदवतात. बहुतेकांनी दहावीत मध्य, मध्यक, बहुलक केलेले असते आणि त्यानंतर या विषयाशी त्यांची गाठ पडलेली नसते. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. अभ्यासक्रमाची जागा ते घेणार नाही. अभ्यासक्रम चालू असताना ते शेजारी उघडे असावे, अशी अपेक्षा आहे.

सोय मोठी झाली आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पुणे विद्यापीठात वसंत हुजुरबाजार यांनी १९५३ मध्ये संख्याशास्त्र विभाग उभा केला, त्या काळी हा विषय मन लावून शिकायचा तर घर सोडून मोठ्या शहरात राहणे भाग होते. आजही तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांत त्याचा स्वतंत्र विभाग नाही. तिथल्या मुलीला आता आयआयटीतल्या प्राध्यापकांचे व्याख्यान रात्री घरातले आवरून झाल्यावर ऐकता येते, न समजलेला भाग पुन्हा पुन्हा मागे घेता येतो. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी १९९९ मध्ये एनपीटेल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमाची कल्पना पुढे आणली; २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले; २०२१ च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून मान्य करण्याची मुभा दिली. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवीत तर संख्याशास्त्राचे दोन विषय अगदी पायाच्या टप्प्यातच आहेत.

पण या विषयाची एक अडचण आहे आणि ती पडद्यावर वाढते. संख्याशास्त्रात उत्तर काढणे हा कामाचा लहान भाग. मोठा भाग ठरवण्याचा असतो: प्रश्न कोणता विचारायचा, माहिती कोणाची घ्यायची, दिसलेल्या फरकाला किती वजन द्यायचे. वर्गात चांगला शिक्षक फळ्यावर आकडे लिहून थांबतो आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाला विचारतो, “सरासरी किती येईल, काय वाटतं?” मुलगा काहीतरी सांगतो. ते चुकते, आणि का चुकले हे कळेपर्यंत त्याचे लक्ष फळ्यावरून हलत नाही. व्हिडिओत असे कोणी विचारत नाही. मग विद्यार्थी थेट सूत्राकडे जातो, सूत्रातून उत्तर निघते, ते चार पर्यायांपैकी एकाशी जुळते आणि समोर हिरवी खूण येते. काय ठरवले आणि का ठरवले, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

माझे म्हणणे असे आहे की ऑनलाइन शिकणाऱ्याने हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायची सवय लावली, प्रत्येक आकडेमोडीआधी आपला अंदाज वहीत लिहून ठेवला, तर हा विषय पडद्यावरही उत्तम शिकता येतो. काही ठिकाणी वर्गापेक्षा चांगला. पुस्तकाची सगळी मांडणी या म्हणण्यावर उभी आहे.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल मते पुष्कळ ऐकू येतात, पुरावे कमी. योगायोगाने या बाबतीतले काही महत्त्वाचे पुरावे संख्याशास्त्राच्या याच प्राथमिक अभ्यासक्रमावर गोळा झालेले आहेत. ते इथे सविस्तर सांगतो, कारण तुम्ही जे शिकणार आहात त्याची बरीच तत्त्वे त्यांच्यात जागोजागी दिसतात.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०१३ मध्ये उडॅसिटी या कंपनीबरोबर एक प्रयोग जाहीर केला. तीन विषय निवडले: पूर्वतयारीचे गणित, महाविद्यालयीन बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र. प्रत्येकाची फी १५० डॉलर, म्हणजे तिथल्या मानाने फारच कमी. पहिल्या सत्राचा निकाल निराशाजनक लागला. संख्याशास्त्रात साधारण निम्मे उत्तीर्ण झाले, गणिताच्या दोन विषयांत चौघांपैकी एकाच्या आसपास. विद्यापीठाने प्रयोग काही काळ थांबवला. मग उन्हाळी सत्राचा निकाल आला आणि त्यात संख्याशास्त्रात ८३ टक्के उत्तीर्ण झालेले दिसले.

आता इथे थांबा आणि पुढे वाचण्याआधी एक वाक्य लिहा: पन्नासवरून त्र्याऐंशीपर्यंतची ही उडी कशामुळे असेल?

अभ्यासक्रमात काही सुधारणा झाल्या होत्या, हे खरे. पण विद्यार्थीही बदलले होते. पहिल्या सत्रात शाळेत शिकणारी मुले होती, तसेच गणिताच्या पूर्वतयारीत आधी नापास झालेले विद्यार्थी होते. उन्हाळ्यात दार सर्वांना उघडे होते, आणि आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. दोन्ही सत्रांचे निकाल शेजारी ठेवून ‘सुधारणेने यश आले’ असे म्हणता येत नाही, आणि ‘सुधारणेचा उपयोग झाला नाही’ असेही नाही. दोन कारणे एकमेकांत अशी मिसळली की निकालावरून ती वेगळी काढता येत नाहीत. वर्तमानपत्रात असे निकाल रोज छापून येतात: एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना, एका शाळेची दुसऱ्या शाळेशी. तुलनेच्या दोन्ही बाजूंना कोण उभे आहे, हे विचारायला शिकलात तरी अभ्यासक्रमाची फी वसूल झाली असे मी मानीन.

त्या प्रयोगाच्या पहिल्या सत्राचे पुढे बारकाईने विश्लेषण झाले. त्यात असे दिसले की विद्यार्थी कोणत्या गटातला, कोणता विषय घेतलेला, मदतीच्या सोयी त्याने किती वापरल्या, या सगळ्यांपेक्षा त्याने किती काम केले, उदाहरणसंच किती सोडवून दिले, यावरून उत्तीर्ण होण्याचा अंदाज अधिक नीट बांधता येतो. माझ्या अनुभवाशी हे जुळते. पण जुळते म्हणून लगेच कारण मानू नका. उदाहरणे सोडवल्यामुळे मुले उत्तीर्ण झाली, की ज्यांना विषय समजत होता तीच उदाहरणे सोडवत राहिली? दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या की हा प्रश्न पडलाच पाहिजे. निव्वळ निरीक्षणातून त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही.

ते मिळवायची एक रीत आहे, आणि तीही याच विषयावर वापरली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने संख्याशास्त्राचा एक संवादी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला होता. इथाका या संस्थेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या सहा कॅम्पसवर ६०५ विद्यार्थी घेतले आणि कोणी कोणत्या गटात जायचे ते यादृच्छिक पद्धतीने ठरवले. एका गटाला आठवड्याला नेहमीचे तीन-चार तासांचे वर्ग. दुसऱ्या गटाला संगणकावरचा अभ्यासक्रम आणि आठवड्यातून एकच तास शिक्षकांसमोर. २०१२ मध्ये अहवाल आला. उत्तीर्ण होण्याचे प्रमाण, अंतिम परीक्षेचे गुण, संख्याशास्त्राच्या जाणतेपणाची एक प्रमाणित चाचणी, या तिन्हींत दोन गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. संगणकावरच्या गटाने वेळ मात्र सुमारे पाव हिस्सा कमी दिला.

चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यामुळे हुशार आणि मंद, कष्टाळू आणि आळशी, घरून मदत मिळणारे आणि न मिळणारे दोन्हीकडे साधारण सारखे विभागले जातात. ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही अशा गोष्टीसुद्धा विभागल्या जातात. यादृच्छिकतेची खरी ताकद ही आहे. तरी या अहवालातून काय निघत नाही, तेही पाहायला हवे. तो आठवड्याचा एक तास त्यात होता. पूर्णपणे एकट्याने शिकणाऱ्यावर हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. प्रयोगात यायला राजी झालेलेच विद्यार्थी त्यात होते. आणि ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. फरक असलाच तर तो किती मोठा असू शकतो, हे विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) सांगते. अहवालाच्या बाजूने एवढे म्हणता येते की विद्यार्थी पुरेसे होते, त्यामुळे मोठा तोटा लपून राहिला असता असे वाटत नाही.

तो एक तास मला फार महत्त्वाचा वाटतो. एकट्याने शिकणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून शक्य असेल त्याने आपल्यासारखे दोघे-तिघे शोधावेत आणि आठवड्यातून एकदा, फोनवर का होईना, एकमेकांना प्रश्न विचारावेत. उत्तरे पडताळू नका. ‘तू असं का ठरवलंस?’ एवढेच विचारा.

आता विषयाच्या आतल्या गोष्टींकडे. पहिले काही आठवडे सरळ जातात: आलेख, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन. इथे एका ठिकाणी विद्यार्थी अडतात आणि कोणाला विचारावे ते कळत नाही. स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रे असतात आणि दोन्हींची उत्तरे थोडी वेगळी येतात. एकात नोंदींच्या संख्येने भागतात, दुसऱ्यात एकाने कमी संख्येने. सगळी समष्टी हाताशी असेल तर पहिले सूत्र. नमुना असेल तर दुसरे, कारण विचलने आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजतो. ती सरासरी नमुन्याच्या मधोमध बसलेली असल्यामुळे पसरण खऱ्यापेक्षा थोडी कमी भरते, आणि एकाने कमी संख्येने भागून ती कसर भरून काढली जाते. क्विझमध्ये दुसऱ्या दशांशस्थळी उत्तर चुकत असेल, तर आधी हे तपासा.

खरी चढण नमुना-वितरणाची. बहुतेकांचा अभ्यासक्रम इथे सुटतो, असे मी पाहत आलो आहे. कारण उघड आहे. इथवर आपण समोर दिसणाऱ्या आकड्यांबद्दल बोलत होतो. आता न घेतलेल्या नमुन्यांबद्दल बोलायचे असते. आपण एकच नमुना घेतला, त्याची एक सरासरी आली. पण दुसरा घेतला असता तर? तिसरा? अशा हजारो न घेतलेल्या नमुन्यांच्या सरासऱ्या कशा पसरल्या असत्या, हे डोळ्यांपुढे आणता आले की प्रमाण त्रुटी, विश्वासांतर, चाचण्या हे सगळे पुढे उलगडत जाते. नाही आणता आले, तर उरलेला अभ्यासक्रम पाठांतर होऊन बसतो.

फळा इथे दुबळा आहे आणि पडदा समर्थ आहे. आपल्या पुस्तकातला चौथा पाठ त्यासाठी आहे. सापशिडीचा फासा घ्या. तो पंचवीस वेळा टाकून पडलेल्या आकड्यांची सरासरी काढायची आहे. टाकण्याआधी लिहा: ती कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये येईल, अशी तुम्हाला बऱ्यापैकी खात्री आहे? मग फासा हाताने टाका. संगणक नंतर. पुन्हा पंचवीस वेळा टाका, निदान पाच-सहा फेऱ्या करा, आणि सरासऱ्या एका रेषेवर मांडा. एवढे झाले की संगणकाकडून त्याच्या हजार फेऱ्या करून घ्या. सरासऱ्या साडेतीनच्या भोवती गोळा होतात आणि साधारण शंभरातल्या पंच्याण्णव २.८ ते ४.२ यांच्या दरम्यान पडतात. पंचवीसऐवजी शंभर वेळा फासा टाकला तर हा पट्टा निम्मा होतो: सुमारे ३.१६ ते ३.८४. मेहनत चौपट, अनिश्चितता निम्मी. वर्गमुळाचा हा नियम सूत्रात वाचणे वेगळे आणि आपल्या हाताने टाकलेल्या फाशात पाहणे वेगळे. फाशाचे सहा आकडे सपाट पसरलेले असताना त्यांच्या सरासऱ्या मात्र घंटेच्या आकारात रचल्या जातात. हे पहिल्यांदा पडद्यावर उमटताना पाहण्यात जो आनंद आहे, तो या विषयातला माझा सर्वांत आवडता आनंद आहे.

पण नमुना मोठा केला की सगळे ठीक होते, असा समज याच पाठातून पक्का होण्याचा धोका असतो. म्हणून त्याला लागूनच पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे काम ठेवले आहे. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि मग लंडनमध्ये. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. १९४० च्या दशकात ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. देशाचे धान्य किती पिकले याचा अंदाज घेण्यासाठी शेतातला लहानसा तुकडा यादृच्छिक निवडून तेवढेच पीक कापायचे आणि तोलायचे, ही पद्धत तेव्हा घडत होती. तुकडा किती मोठा असावा, यावर मोठा वाद होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा भर लहान तुकड्यांवर होता; ते स्वस्त पडतात, म्हणून जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की अगदी लहान तुकड्यांतून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

कारण शेताच्या बांधावर उभे राहिले की कळते. तुकड्याच्या कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. एक मीटर बाजूच्या चौरसाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा मीटर बाय पाच मीटरच्या तुकड्याला चौरस मीटरमागे फक्त साठ सेंटिमीटर. तुकडा लहान, तर कड जास्त, तर चूकही जास्त, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने. असे दहा हजार तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही. फक्त चुकीच्या आकड्याबद्दलची आपली खात्री वाढते. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने १९३६ मध्ये वीस लाखांहून अधिक मतदारांची उत्तरे गोळा करूनही अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ चुकवला, तेही याच प्रकारातले. फक्त तिथे कड शेताची नव्हती, उत्तर कोणी दिले याची होती. पीक विम्याच्या निमित्ताने पीक कापणी प्रयोग आज आपल्याकडे गावोगावी होतात. शेतकऱ्याला मिळणारी भरपाई अशा प्रयोगांवर ठरत आली आहे. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी एक प्रयोग जवळून पाहावा आणि तुकड्याची जागा कशी ठरवली, कडेच्या रोपांचे काय केले, हे विचारावे. ऑनलाइन अभ्यासक्रमातले कोणतेही उदाहरण तुम्हाला इतके शिकवणार नाही.

शेवटच्या भागात चाचण्या आणि पी-व्हॅल्यू येतात. पी-व्हॅल्यूबद्दल गैरसमज इतके पसरले की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये तिच्यावर खास निवेदन काढावे लागले. इथे मी रोनाल्ड फिशर यांचे चहाचे उदाहरण घेतले आहे. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. चव घेऊन ओळखता येते असे एक बाई म्हणतात. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. चव काहीच कळत नसताना केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे सुमारे ०.०१४. हा आकडा म्हणजेच पी-व्हॅल्यू. तो ‘बाईंना चव कळत नाही’ याची शक्यता सांगत नाही. चव कळत नाही असे धरले, तर इतका चांगला निकाल किती विरळा ठरेल, एवढेच तो सांगतो. दोन्ही वाक्ये तुमच्या वहीत, तुमच्या शब्दांत, शेजारीशेजारी लिहा. दोघांतला भेद घरातल्या एखाद्या न शिकलेल्या माणसाला मराठीत समजावता आला, तर तो तुम्हाला कळला. व्याख्याने इंग्रजीत असतील, परीक्षाही इंग्रजीत असेल. पण प्रत्येक उदाहरणाचा निष्कर्ष आधी मराठीत पूर्ण वाक्यात लिहिण्याचा आग्रह मी पुस्तकभर धरला आहे. इंग्रजी वाक्य नमुन्यावरून उतरवता येते. मराठीत ते स्वतःच तयार करावे लागते.

परीक्षेबद्दल थोडे. एनपीटेलच्या अभ्यासक्रमात असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ असाइनमेंट धरतात. आठवड्याच्या असाइनमेंटची आयती उत्तरे इंटरनेटवर सापडतात, संगणकाला विचारली तरी तो सोडवून देतो. तसे करू नका, असे मी कळकळीने सांगतो. शिस्तीचा मुद्दा त्यात आहेच, पण मला जास्त सलते ते हे की ज्या तासाभरात तुमचा अंदाज चुकणार होता आणि विषय आत शिरणार होता, तो तासच तुम्ही देऊन टाकता. संगणकाची मदत घ्या, पण आपले उत्तर लिहून झाल्यावर, ते कुठे कच्चे आहे हे शोधण्यासाठी. आकडेमोडीसाठी आर ही भाषा फुकट आहे; लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरची स्प्रेडशीट या पातळीला पुरते.

पहिले व्याख्यान लावण्याआधी एक काम करा. रोज घडणारी, मोजता येणारी एक गोष्ट निवडा: तुमची एसटी किती मिनिटे उशिरा येते, नळाला पाणी किती वेळ टिकते, बाजार समितीत कांद्याचा भाव काय निघतो. नोंदी सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा की तीस नोंदींची सरासरी किती येईल, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी नोंद किती असेल, आणि मध्यक सरासरीच्या वर असेल की खाली. पहिल्या पाठातली सगळी उदाहरणे तुम्हाला याच तीस नोंदींवर करायची आहेत.